काचेमागचा भिडू

आधीच सांगून टाकते, म्हणजे प्रतिक्रियांमध्ये कोणी मला शिकवायला नको — मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. आमच्या रोडपालीच्या सोसायटीत लिफ्ट महिन्यात तिसऱ्यांदा बंद पडली आणि वास्तूची शांत करून घ्यायची टूम निघाली, तेव्हा भर मीटिंगमध्ये उभं राहून "आधी लिफ्टवाल्याला बोलवा" म्हणणारी बाई ती मीच. नवरा म्हणतो तुझ्यासमोर भूत आलं तर तू त्याच्याकडे आधार कार्ड मागशील. चौदा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली आहेत. एखादी गोष्ट पुन्हा करून दाखवता आली तर ती खरी, नाहीतर तुमची समजूत — एवढं साधं माझं शास्त्र.

हे सगळं मागच्या वर्षीचं, दिवाळी होऊन गेल्यानंतरचं. लिहू की नको करत इतके दिवस गेले. आता लिहितेय त्याचं कारण शेवटी येईलच.

मी नवीन पनवेलला एका छोट्या गेमिंग कंपनीत आहे. टाइल्सच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, आम्ही सगळे मिळून अकरा जण. आमचा गेम म्हणजे मोबाइलवरचा मेंढीकोट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — चौघांचा पत्त्यांचा डाव, समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू, आणि दहेल्या, म्हणजे दहाचे पत्ते, गोळा करायच्या. खेळता खेळता लिहायला खाली चॅट. आणि चॅट म्हटलं की शिव्या आल्याच. इतक्या आल्या की आमच्या बॉसने, अनिकेतने, चॅटवर लक्ष ठेवणारा बॉट बनवायचं काम माझ्या आणि तेजसच्या गळ्यात मारलं. तेजस प्रोग्रामर, सव्वीस वर्षांचा, गुणी मुलगा. मला मृणालताई म्हणतो.

हा बॉट बोलत नाही, हे नीट लक्षात ठेवा. त्याला बोलताच येत नाही. प्रत्येक मेसेज वाचतो आणि दोनच गोष्टी ठरवतो — जाऊ दे किंवा अडव. त्याला शिकवायला आम्ही हजारो जुने मेसेज घेऊन बसलो होतो. मी, तेजस आणि पुण्याहून आलेली एक इंटर्न, तिघांनी प्रत्येक मेसेजवर शिक्का मारायचा — शिवी आहे, नाही. दोघांचं एकमत झालं की बॉटने तेच खरं धरायचं.

आणि ज्याचे मेसेज वारंवार अडवले जातात त्याला लावायची 'काच'. हे आमच्या ऑफिसमधलं नाव. एखाद्याला सरळ ब्लॉक केलं तर तो चिडतो, तक्रारी करतो, नवीन अकाउंट काढून परत येतो. त्यापेक्षा त्याला काही सांगायचंच नाही. त्याला स्वतःचे मेसेज दिसतात, इतरांचेही दिसतात. फक्त त्याने लिहिलेलं दुसऱ्या कोणाला दिसत नाही. काचेमागून ओरडत बसतो आणि कंटाळून जातो. कल्पना माझी होती. मला तेव्हा फार हुशारीची वाटली होती.

आता नामदेवकाका. आमच्या इमारतीचे मालक. नेऱ्याचे, आगरी, सत्तरीचे, पांढरा शर्ट, पांढरी पँट. खालचं टाइल्सचं दुकान त्यांच्या मुलाचं. तो सकाळी गाडीतून त्यांना घेऊन यायचा आणि काका दिवसभर दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. आम्ही गेम बनवतो हे कळल्यावर त्यांनीच तेजसला पकडून फोनमध्ये घालून घेतला होता. रोज दुपारी जेवण झालं, तीन वाजले, की अंगठ्याने टुकटुक करत खेळायला बसत.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी मी काच लागलेल्यांची यादी तपासत होते. बॉट खरा सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. यादीत दहाव्या का अकराव्या ओळीवर नाव — नामदेव, नेरे. वीस दिवस झाले होते त्यांना काच लागून!

मी त्यांचे मेसेज उघडले आणि कपाळाला हात लावला. सगळे एकाच माणसाला, त्यांच्या भिडूला. आणि प्रत्येक मेसेजची सुरुवात एका सणसणीत शिवीने. पण ज्याला ही माणसं माहीत आहेत त्याला लगेच कळेल की यात राग कुठेच नाही. चाळीस वर्षांच्या दोस्ताला शिवी न देता हाक मारली तर त्यालाच वाटेल की काहीतरी बिनसलंय. आम्ही तिघांनी शिक्के मारताना हा विचारच केला नव्हता. आम्ही तिघंही अशा घरांतली, जिथे 'गाढवा' म्हटलं तरी आई डोळे वटारते. आम्ही जे शिकवलं तेच बॉटने केलं. चूक त्याची नव्हती.

आमचा नियम असा की काच चुकून लागली तर त्याच दिवशी काढायची. पण घरमालकाच्या बाबतीत आधी जाऊन माफी मागावी म्हणून मी खाली गेले.

"ये बाय, बस. चाय घेतंस?" काकांनी विचारलं.

मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. काका, आमच्या मशीनकडून चूक झाली. वीस दिवस तुम्ही जे लिहिताय ते समोर कोणालाच दिसलेलं नाही.

काका माझ्याकडे बघून हसायला लागले.

"कोन बोल्ला दिसत नाय? हसू तं रोज बोलतंय माझ्याशी."

हसू म्हणजे हसूराम, चिरनेरचा. दोघं एका कारखान्यात एकाच पाळीत कामाला लागले आणि एकदमच रिटायर झाले. डबा खाल्ला की उरलेल्या वेळात मेंढीकोट, आणि भिडू कायम एकमेकांचे. पुढे काकांच्या पुतणीची हसूरामच्या पुतण्याशी ठरलेली सोयरीक मोडली आणि दोन्ही घरांचं जाणं-येणं तुटलं. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या तेव्हा चिरनेरहून कोणी आलं नाही. हसूरामही नाही. दहाव्यालासुद्धा नाही. काकांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली आला होता.

"मंग याच्यावर सापडलो एकमेकांना," त्यांनी फोन उचलून दाखवला. "दोनी घरच्यांना ठावं नाय. दुपारचे खेलतो. पत्त्यांचाच बोलतो, दुसरा काय नाय."

मी फोन मागितला आणि चॅट मागून पुढे वाचत आले.

पहिला आठवडा अगदी माझ्या हिशोबाप्रमाणे होता. हसूरामला काकांचं काहीच दिसत नव्हतं, हे त्याच्या लिहिण्यावरून स्पष्ट कळत होतं. 'नामा बोल की रं.' 'का गप हाय?' 'रागावलास काय?' आणि इकडे काका त्याला बरोबर उत्तरं देत होते, हसत होते, शिव्या घालत होते. त्यांना वाटत होतं हसू मस्करी करतोय. आठव्या दिवशी, मंगळवारी, हसूरामने लिहिलं होतं — 'वयनीच्या दहाव्याला आलो नाय मी. घरच्यांचा आयकला. चुकलो. आता तरी बोल.' त्याखाली काकांचं उत्तर — 'चुकला तां चुकला. मी कदीच सोडला. तू पत्ता टाक.'

ते उत्तर त्याला मिळालेलं नव्हतं. माझ्या काचेने ते अडवलं होतं. मला खरंच लाज वाटली.

पण त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, बुधवारपासून, सगळंच बदललं होतं. दुपारी तीनला काकांनी लिहिलंय, 'आज उशीर?' आणि उत्तर आहे — 'आलो. वाचला सगला.'

त्यानंतर रोज, ओळीला ओळ, उत्तरं होती. काका विचारतायत 'जेवलास?', तिकडून 'भूकच नाय लागत आता.' काका म्हणतायत सून चांगली हाय तुजी, जेवाला घालल, तर तिकडून 'घरात कोनी बोलत नाय माझ्याशी. मी बोलतो, ती बगत पन नाय. तूच बोलतंस.'

"सुनेशी काय वाजलाय वाटतं त्याचा," काका म्हणाले.

मी मनात म्हटलं, ठीक आहे, म्हणजे काच बुधवारी गळायला लागली. बग आहे, प्रोग्राममधली चूक. आणि बग सापडेपर्यंत काचेला हात लावायचा नाही, नाहीतर तो पुन्हा दिसणार नाही. खोटं कशाला बोलू, मला थोडं बरंच वाटलं. बग असेल तर निदान त्या माणसाला उत्तर पोचलं होतं. फोनचे चार स्क्रीनशॉट घेऊन मी वर आले.

तेजसला बसवलं आणि सगळं तपासलं. काच ठणठणीत होती. मी स्वतःच्या अकाउंटला लावून बघितली, एक अक्षर बाहेर गेलं नाही. आमच्या सर्व्हरवर प्रत्येक मेसेजपुढे तो समोरच्याने कधी वाचला याची वेळ पडते. काकांच्या वीस दिवसांच्या मेसेजपुढे ती जागा रिकामी होती, सगळ्यांपुढे. आणि हसूरामची ती उत्तरं... ती सर्व्हरवर नव्हतीच. त्या मंगळवारनंतर हसूरामने गेम उघडल्याचीच नोंद नव्हती. एखादा खेळाडू आला नाही तर डाव अडू नये म्हणून त्याच्या जागी कॉम्प्युटर पत्ते टाकतो, नाव मात्र त्याचंच दिसतं. ही पण आमचीच हुशारी. पण पत्ते टाकणाऱ्या कॉम्प्युटरला चॅटमध्ये लिहायची सोय नाही. कोणी केलेलीच नाही.

"काका स्वतःच कुठून तरी टाइप करत असतील का?" तेजसने विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "सॉरी. त्यांना फोनचा आवाज कमी करायला मी लागतो."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दुपारी तीनला आम्ही दोघं खाली काकांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. रस्त्यावर टेम्पोतून टाइल्सचे खोके उतरत होते, लख्ख ऊन होतं. तेजसच्या मांडीवर लॅपटॉप, त्यात सर्व्हरची नोंद चालू. काकांनी शिवी घालून लिहिलं, 'आलास काय?' लॅपटॉपवर ती ओळ आली, पुढे शिक्का — अडवला. मी तेजसकडे बघून मान हलवली.

काकांच्या फोनवर उत्तर आलं. 'कवाचा बसलोय.'

लॅपटॉपवर काहीच आलं नाही. तेजसने दोनदा रिफ्रेश केलं. तोवर फोनवर अजून एक ओळ आली.

'तुज्या बाजूला कोन बसलेत?'

काका मोठ्याने हसले. "कसा वलखला बग! सांगू काय तुमी हाव म्हनून?" आणि ते टाइप करायला लागले. तेजस लॅपटॉप तसाच उघडा ठेवून उठला आणि समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला. मी बसून राहिले, पण ते धैर्य वगैरे काही नव्हतं. मी नुसतं रिफ्रेश दाबत राहिले.

मी स्वतःला समजावलं की याला एकच उत्तर आहे, हसूरामचा फोन बघायचा. काकांना म्हटलं, काका, चिरनेरला जाऊन त्यांचा फोन तपासून येते, जरा बिघाड आहे. काकांनी घर कुठे ते सांगितलं आणि म्हणाले, "माझा नाव नको काडू तिथं."

बुधवारी सकाळी तेजसच्या गाडीने गव्हाण फाट्यावरून चिरनेरला गेलो. दार हसूरामच्या सुनेने उघडलं. रंजना तिचं नाव, माझ्याच वयाची. पदराला हात पुसत आली. मी म्हटलं, हसूरामकाकांना भेटायचं होतं, आम्ही पत्त्यांच्या गेमवाले.

तिने मागे वळून आत बघितलं. मग म्हणाली, "बाबा गेलं ना. आज दोन हप्तं झालं."

मी दिवस मोजले. तोच बुधवार.

"सकालचं गेलं," ती सांगत होती. "नलाला पानी आलेला. मी हंडा लावून आत आलो तं त्यांचा श्वास चालू व्हता, भरून परत आलो तवा नवता. साडेसहा पन वाजलं नसतील."

आत भिंतीवर फोटो, हार अजून ताजा होता. तेजस दारातच थांबला होता. मी विचारलं, त्यांचा फोन कोण वापरतं?

"कोन नाय." तिने कपाट उघडून कपड्यांच्या खालून फोन काढून दिला. बंद होता. मी बटण दाबून बघितलं. चार्जिंग कधीच संपलेलं. "ते गेल्यापासना हातच नाय लावला. मना बगवत नाय त्या फोनकडं. शेवटचं आठ दिस नुसतं तां घेऊन बसलेलं. 'नामा बोलत नाय माझ्याशी, नामा बोलत नाय.' जेवनावरना पन मन उडाला. आमाला तवा कलला ह्यांचा चोरून खेलना चालू हाय तां. आदल्या रात्री पन तांच. मी बोल्लो, बाबा, बोलंल तो उद्या."

मला त्या बाईसमोर रडू आलं. चौदा वर्षांत कामाच्या ठिकाणी मी रडलेली नाही. तिला वाटलं मी हळवी आहे. तिने मला पाणी आणून दिलं. मी काय सांगणार होते तिला?

तेजसने दारातूनच विचारलं, "नामदेवकाकांना कळवलं नाही तुम्ही?"

"कुठल्या तोंडान कलवनार?" रंजना म्हणाली. "तेंच्या घरातली बाय गेली तवा आमच्यातला एक मानूस गेला नाय. मंग आमच्या मयताला तेंनी यावा असा कसा बोलवाचा?"

राग नव्हता तिच्या मनात. लाज होती. दोन्हीकडच्यांना यायचं होतं आणि दोन्हीकडचे दुसऱ्याच्या दाराशी जायला धजत नव्हते.

परत येताना गव्हाण फाटा मागे पडला. मग तेजस म्हणाला, "ताई, हसूरामकाका पण काचेमागेच आहेत ना. ते बोलतात, घरातल्यांना ऐकू जात नाही. आणि काकांना आपण काचेमागे टाकलंय. म्हणून ते दोघं..." मी त्याला म्हटलं, गाडी चालव.

गुरुवारी सकाळी ऑफिसला आल्या आल्या मी काच काढली. तेजस म्हणत होता राहू दे, आधी काकांशी बोला. मी ऐकलं नाही. नियम आहे, असं म्हणाले. खरं कारण मी घाबरले होते. मला ते बंद करायचं होतं, बाकी काही नाही. नामदेवकाकांचा विचार मी त्या क्षणी केला नाही, आणि ही गोष्ट मला आजही खाते.

काच काढली की फोनवरचं जुनं चॅट सर्व्हरवरून नव्याने उतरतं. सर्व्हरवर जे नाही ते फोनवरही राहत नाही. हे मला माहीत होतं. मीच तर ते टेस्ट केलं होतं.

दहा मिनिटांनी तेजसने मला हाक मारली. त्याने बोटाने स्क्रीन दाखवली. काकांच्या मेसेजपुढची, समोरच्याने वाचल्याची जी जागा सोमवारी रिकामी होती, ती भरलेली होती. ही वेळ सर्व्हर स्वतः टाकतो, मागची वेळ घालायची सोयच नाही. त्या बुधवारपासूनचा प्रत्येक मेसेज लिहिल्यावर काही सेकंदांत वाचलेला. आणि पहिल्या आठवड्याचे, हसूराम जिवंत असतानाचे, माफ केल्याच्या त्या ओळीसकट सगळेच्या सगळे एकाच मिनिटात वाचलेले. तोच बुधवार, सकाळी सहा वाजून बावीस मिनिटं.

मी लॅपटॉप मिटला.

तीन वाजून गेल्यावर जिन्यावर पावलं वाजली. काका गुडघ्यांमुळे कधी वर येत नसत. दारात उभे राहिले, धाप लागली होती, हातात फोन.

"बाय, हसूचा सगला गेला ह्याच्यातला. आनी तो बोलत पन नाय. तू काय केलास?"

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. काच माझी कल्पना होती हेही, आणि हसूराम कधी गेले हेही. काका ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी तेजसकडे बघितलं, हा तरी हसतोय का म्हणून. तो हसत नव्हता.

मग फोन मांडीवर ठेवून म्हणाले, "मंजे जिता व्हता तवा मी बोल्लो तां त्याला मिलालाच नाय."

"नाही काका."

"आनी मेल्यावर मिलाला."

मी लॅपटॉप उघडून त्यांना ती वेळ दाखवली. त्यांना इंग्रजी आकडे वाचता येत होते. त्यांनी ती ओळ बोट ठेवून वाचली, सहा बावीस. मग चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता शिव्या घालतील, घालायला हव्या होत्या. पण ते माझ्याशी परक्यासारखं बोलले, आणि ते जास्त लागलं.

"मॅडम, ती काच परत लावा. एकच डाव. मी निरोप नाय घेतला त्याचा."

मी लावली. अनिकेतला विचारलं नाही, कुठे नोंद केली नाही. काका खाली गेले. आम्ही दोघं वर बसून राहिलो, खिडकीतूनसुद्धा बघितलं नाही. तासाभराने त्यांचा मुलगा वर आला, म्हणाला, बाबा म्हणतायत काढा आता.

काका फोनवर काय वाचत होते ते मला माहीत नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. सर्व्हरवर फक्त त्यांच्या बाजूच्या ओळी आहेत. पहिल्यांदाच एकीतही शिवी नाही.

'हसू, मना कलला आज.'

'उद्या येतो तुज्या घरी. सुनेशी बोलतो.'

'तू जा आता. माझी काय तक्रार नाय.'

या तिन्हींपुढे वाचल्याची वेळ आहे. चौथी ओळ चार मिनिटांनंतरची. 'गेलास काय?' तिच्यापुढे काही नाही. ती जागा अजून रिकामी आहे, मी कालच बघितली.

काका शुक्रवारी खरंच चिरनेरला गेले. रंजनाचा मला फोन आला होता, नुसती रडत होती. काका आता खेळत नाहीत. खुर्ची टाकून बसतात, मी दिसले की पुन्हा 'बाय' म्हणतात. एवढं मला पुष्कळ आहे.

स्क्रीनशॉट म्हणाल तर ते चारही माझ्याकडे आहेत, त्यात हसूरामची उत्तरं स्पष्ट दिसतात. पण त्याला पुरावा म्हणू नका. टेस्टिंगसाठी मी स्वतः असे खोटे स्क्रीनशॉट दिवसाला दहा बनवते. सर्व्हरवर त्या वेळा कशा पडल्या याचं उत्तर तेजसकडे नाही, माझ्याकडे नाही. कोणाला माहीत असेल तर जरूर लिहा, अगदी मला वेड्यात काढलंत तरी चालेल.

आता हे का लिहितेय ते. मागच्या महिन्यात मी अनिकेतकडे हट्ट धरला की काच हा प्रकार पूर्ण बंद करायचा. कारण खरं सांगितलं नाही, लोकांवर अन्याय होतो एवढंच म्हटलं. तो म्हणाला, तक्रारी बघू आणि ठरवू. आम्ही सगळ्या तक्रारी काढल्या. ब्लॉक केलेले लोक रोज भांडतात. पण काच लागलेल्यांपैकी, ज्यांना महिनोन्‌महिने कोणी एका शब्दाचं उत्तर दिलेलं नाही, त्यांच्यापैकी एकाचीही तक्रार नव्हती.

"बघ," अनिकेत खुश होऊन म्हणाला, "किती मस्त चाललंय. कशाला बंद करायचं?"

मी उठले. जागेवर येऊन त्या लोकांचे मेसेज उघडले. पनवेल, नाशिक, लातूर, कुठकुठले. पहिले काही दिवस सगळे सारखेच — 'कोणी आहे का?' 'दिसतंय का?' 'अरे बोला की.' मग एक दिवस ते विचारायचे थांबतात. पुढे लिहिलेलं असतं, 'हो ना.' मग थोडा वेळ जाऊन, 'खरंच? कधी?' मग, 'नाही हो, मी एकटीच असते दुपारची.' मग, 'तुम्ही उद्या पण याल ना?'

त्यांच्याशी कोण बोलतंय, ते आमच्या सर्व्हरवर नाही.